मिक्सरच्या अंगावरचा खण

ओटीत आलेला ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही. नव्वदच्या दशकातल्या कोल्हापूरबद्दल तरी हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कापड मेलं एक तर इतकं पातळ की आरपार दिसावं, नाहीतर इतकं राठ की काखेत काचावं. मग तो पीस ट्रंकेत जातो, पुढच्या बारशाला दुसरीच्या ओटीत पडतो, तिथून तिसरीच्या. आमच्या गल्लीत एक पोपटी पीस होता, तो माझ्याकडंच तीनदा येऊन गेला. कोपऱ्यात शाईचा डाग होता म्हणून ओळखू यायचा. तिसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, "ये बाबा, बस. चहा घेणार का?"

या फिरतीला एकच कायदा होता. ज्या घरातून पीस आला, त्या घरात तो आपल्या हातून परत जाता कामा नये. म्हणून मी प्रत्येक पिसाला दोऱ्यानं एक चिठ्ठी टाचून ठेवायचे आणि तिच्यावर देणारीचं घर लिहायचे. माझा नवरा हसायचा, "हे काय, पोस्ट ऑफिस उघडलंयस काय?" हसेना का. मी शिस्तीची बाई आणि तोंडानं तिखट. त्या शिस्तीचा मला भारी गर्व होता, आणि त्यानंच माझं नाक कापलं.

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न होऊन नदीकडच्या अंगाच्या त्या गल्लीत आले. ख्रिस्ती घर आमचं एकच, पण हळदीकुंकवाला मला बोलावणं हटकून यायचं. कुंकवाचं बोट सवयीनं माझ्या कपाळाकडं यायचं, मध्येच आठवण होऊन थबकायचं, आणि ती बाई हसून म्हणायची, "तुला चालत न्हाय न्हवं? बरं, ओटी तरी घे की." ओटी मी आनंदानं घ्यायचे. नारळाची चटणी व्हायची, तांदळाचा भात व्हायचा आणि पीस ट्रंकेत जायचा. पाच वर्षांत ट्रंक गच्च भरली, झाकणावर बसल्याशिवाय कडी लागेना.

आता नाताळाचं सांगते. त्या गल्लीतल्या माझ्या पहिल्या नाताळाला मी हौसेनं केक केला आणि ताटं भरून घरोघर दिली. पण नाताळ येतो तो बहुतेक मार्गशीर्षात. निम्म्या बायकांचे गुरुवार चालू, उरलेल्यांत काही घरं जैन, काही लिंगायत. पहिल्याच दारात प्रश्न आला, "केकात अंडं हाय काय गं?" मी म्हटलं, "एक नाही, चार आहेत." ताटं परत आली ती रीतीप्रमाणं रिकामी नव्हती. प्रत्येकीनं साखर घालून पाठवली होती. पण साखरेशेजारी माझा केक तसाच होता, कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. दोन दिवस तोच केक आम्ही नवराबायको खात होतो आणि मी प्रत्येक घासाला गल्लीचा उद्धार करत होते.

पुढच्या वर्षापासून मी केकचा नाद सोडला आणि पायमशीन धरली. कापडाला ना उपास, ना अंड्याचं वशाट. ट्रंकेतले पीस काढायचे आणि शिवायचं! मंडईच्या पिशव्या, गरम भांडी उतरायची जाड फडकी, टीव्हीवर घालायचे झालरवाले पडदे आणि मिक्सरची कव्हरं. मिक्सर तेव्हा घरोघरी नवा नवा आला होता आणि त्याची बडदास्त जावयासारखी होती. धूळ बसू नये म्हणून बायका त्याला जुना टॉवेल पांघरायच्या. मी त्याला झालर लावलेला झगा शिवून दिला, तर गल्ली वेडी झाली. दसरा सरला की बायका मला खिडकीतून विचारायच्या, "यंदा नाताळाला काय घालनार आमच्या मिक्सरला?" वर्षभर जिनं माझं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं ती आजीबाई माझ्या हातची पिशवी घेऊन मंडईत मिरवायची. मला लई म्हणजे लईच बरं वाटायचं.

आमच्या शेजारी दोन सख्ख्या जावा राहायच्या. थोरल्या काकू आणि धाकट्या काकू. घर एकच होतं, पण वाटणी झाली आणि पुढच्या सोप्यात मधोमध विटांची भिंत उभी राहिली. भांडण कशावरून? म्हशीवरून. शेत वाटलं, भांडी वाटली, म्हैस काही चिरता येईना. ती थोरल्यांच्या गोठ्यात गेली आणि धाकट्या म्हणाल्या, "वैरण घातली मी, दूध प्यायचं हिनं." झालं! तीन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचंच झालं तर म्हशीला ऐकवायच्या. थोरल्या धार काढता काढता म्हणायच्या, "काय गं म्हशी, लोकांला लाज न्हाय." पलीकडून धाकट्या त्यांच्या कोंबडीला म्हणायच्या, "व्हय गं कोंबडे, आपल्यालाच हाय तेवढी."

या सगळ्यात जीव जात होता तो धाकट्यांच्या मुलीचा. थोरल्या काकूंना मूलबाळ नव्हतं. पोरगी त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यांनाच थोरली आई म्हणायची, वेणीही त्यांच्याकडूनच घालून घ्यायची. भिंत उभी राहिली त्या दिवसापासून तिचं त्या दारातलं जाणं बंद झालं. त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. बिद्रीकडचं स्थळ, मुलगा शेतीवाडी बघणारा, मुहूर्त माघातला. आणि काय नवल, साखरपुड्याला थोरल्या काकू आल्या! जावेशी बोलल्या नाहीत, पण आल्या. मागच्या रांगेत बसल्या आणि जाताना पोरीच्या कानात म्हणाल्या, "रुखवत मी करनार." पोरगी मला हे सांगायला आली तेव्हा नुसती उड्या मारत होती. माझ्या मशीनशेजारी बसून फडक्यांना टाके घालताना सुई थांबवून म्हणाली, "वैनी, थोरली आई न्हाय आली तर मी बोहल्यावर हुबी ऱ्हायची न्हाय. खरंच सांगते." मी तिला म्हटलं, "येतील गं. आता का नाही येणार?"

त्या नाताळाला थोरल्या काकूंकडं मिक्सर नवा आला होता, म्हणून त्यांना कव्हर द्यायचं ठरवलं. ट्रंक उपसली. तळाशी एक खण सापडला. इरकली, अंजिरी रंगाचा, पिवळ्या काठाचा, हाताला घट्ट आणि जड. असला पीस ओटीत येत नसतो, हे माझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईला कळायला नको? पण मी बघितली ती फक्त चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, धाकट्या काकू. म्हणजे धाकट्यांकडं हा जाता कामा नये. थोरल्यांकडं जायला काहीच हरकत नाही. कायदा पाळला! हळदीतेलाचे डाग दिसणार नाहीत, काठाची झालर झोकात दिसेल, असा हिशेब करून मी कात्री चालवली. कव्हर असं उठून दिसलं की मीच दोनदा आमच्या मिक्सरला घालून बघितलं.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो, साडी न बदलताच मी वाटपाला निघाले. कडेवर माझी अडीच वर्षांची मुलगी. थोरल्या काकू दारातच शेणी रचत होत्या. हात धुऊन आल्या, कागद सोडला, कव्हर उलगडलं. आणि त्यांचा चेहराच बदलला. काठावरून बोट फिरवलं, उलटं करून वीण बघितली.

"ह्यो खण तुला कुणी दिला?"

"ओटीतला आहे, काकू."

"ते कळतंय मला. कुणाच्या घरातली ओटी?"

खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं गिळायची अक्कल नाही. तोंड मी दाबलं, पण डोळे गेले थेट भिंतीकडं. एवढं पुरे होतं.

"माझ्या माहेरचा खण हाय ह्यो," थोरल्या काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. "माझ्या आईनं मला दिलता. मी अंगाला लावला न्हाय, पहिली संक्रांत म्हणून हिला दिला. जाऊ म्हणून न्हवं, भन म्हणून दिलता. आनि हिनं गल्लीत वाटला! तूबी शानी, त्येला मिक्सरला नेसवलास."

मग मात्र आवाज चढला. कव्हर हातात धरून त्या भिंतीकडं तोंड करून ओरडल्या, म्हशीच्या मध्यस्थीशिवाय, तीन वर्षांत पहिल्यांदाच सरळ जावेला. "रुखवत तुझं तू कर! मी लग्नाला येत न्हाय! ऐकलंस का गं?" पलीकडून भाकरी थापायचा आवाज येत होता, तो थांबला.

करायला गेले गणपती, झाला मारुती. ख्रिस्ती असले तरी मला त्या वेळी दुसरी म्हण सुचली नाही. आणि राग कुणाचा यावा? स्वतःचा यायला हवा होता. मला आला धाकट्या काकूंचा. दोन्ही घरांच्या भांडणात मला उगाच तोंडघशी पाडलं म्हणून मी तरातरा त्यांच्या दारात गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारल्या.

"जावेनं दिलेला माहेरचा खण कुणी ओटीत घालतं का? दुसरं कापड नव्हतं घरात?"

धाकट्या काकू चुलीपुढं बसल्या होत्या. मागं पोरगी उभी होती, रडून डोळे लाल झालेले. काकूंनी माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही.

"न्हवतं," त्या म्हणाल्या.

"काय नव्हतं?"

"दुसरं कापड न्हवतं. तुला काय आठवतंय का, ही तुझी पोरगी झाली तवाचं? नदीला पूर आलता. यष्ट्या बंद. तुझी आई गडहिंग्लजला अडकून पडली. तू दवाखान्यातनं रिक्षानं आलीस, पोरीला दवाखान्याच्या फडक्यात गुंडाळून. दारात कोन न्हाय. तुझा नवरा तेवढा भिजलेल्या मांजरागत हुबा."

आठवत होतं. कसं विसरेन? रिक्षातून उतरले तेव्हा मला इतकं रडू येत होतं की उंबरा दिसत नव्हता.

"पयल्या बाळंतपनाची बाई रिकाम्या ओटीनं घरात घ्यायची? माझ्या मनाला येईना. वाटनी नुकती झालती, घरात नवं सूतबी न्हवतं. पेटीत त्यो एकच खण. जिवावर आलं माझ्या. दोनदा पेटीत ठिवला, दोनदा काढला. मग म्हनलं, जाऊ दे, माहेराचं न्हाय तिला कोन आत्ता, तर माहेरचाच खण घालू."

मी उंबऱ्यावरच बसले. तो दिवस मला सगळा आठवत होता. पाऊस, गरम पाण्याचं घंगाळ, काकूंनी तुकडा ओवाळून टाकलेला, ओटीत तांदूळ, नारळ आणि काहीतरी कापड. काहीतरी कापड! घरातलं सगळ्यात चांगलं होतं ते बाईनं मला दिलं, आणि मी त्याला चिठ्ठी टाचून पोपटी पिसाच्या खाली दाबून ठेवलं. मला माझीच भयंकर लाज वाटली. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

"मग हे थोरल्यांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"आमी बोलत हुतो कुठं?" धाकट्या काकू म्हणाल्या, आणि भाकरी उलटली. ती करपली होती.

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. नाताळची करंजी गोड लागेना. नवरा म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस आता." मी म्हटलं, "मध्येच तर पडलेय, आता बाहेर कशी पडू?" संध्याकाळी धारेच्या वेळी मी थोरल्या काकूंच्या गोठ्यात गेले, मुलीला घेऊनच. त्या म्हशीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पूर, रिक्षा, पेटीतून दोनदा काढलेला खण, सगळं. काही मऊ करून सांगितलं नाही, काही लपवलं नाही. चरवीतली धार थांबली नाही, पण हळू हळू होत गेली.

"मला वाटलं, हिनं टाकून दिला," धारेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे चूक कुनाची?"

"माझी."

"व्हय, तुझीच. शिलाई करतीस आनि कापड ओळखू येत न्हाय तुला." त्या उठल्या, आत गेल्या, कव्हर घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात टाकलं. "उसव."

"आत्ता?"

"मग काय माघात?"

त्यांच्या सोप्यात बसून मी ब्लेडनं एकेक टाका उसवला. त्या समोर बसून बघत होत्या, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन. मशीनची शिलाई मी बारीक घालते, दोनदा मागंपुढं करून पक्की करते, आणि त्या दिवशी मला त्या कौशल्याचा मनापासून संताप आला. मध्येच थोरल्या काकूंनी एक मोकळा झालेला तुकडा उचलला, मांडीवरच्या पोरीच्या छातीला लावून बघितला आणि म्हणाल्या, "हिचंच हाय न्हवं हे? हिच्यासाठी आलतं. पोलकं हुतंय बघ. झालरीच्या बाह्या काढ." लग्नाला येणार का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोलकं झालं. एका बाहीचा काठ उलटा आला होता, तो थोरल्या काकूंनी बरोबर पकडला आणि पुन्हा उसवायला लावला. मग त्यांनी स्वतः माझ्या पोरीला ते घातलं, पाठीवरची बटणं लावली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. मला वाटलं, आता माझ्या हवाली करतील. तर त्यांनी तिला उचललं, कडेवर घेतलं आणि दाराबाहेर पडल्या. मी मागोमाग. गल्लीत दोन-तीन खिडक्या उघडल्या. काकू वळल्या त्या थेट भिंतीपलीकडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

धाकट्या काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं, पोलकं बघितलं आणि सूप तसंच मांडीवर राहिलं. मी मनात म्हटलं, आता सुरू होणार! मी पोरीला ओढून घ्यायच्या तयारीत होते.

"घरात कापड न्हवतं," थोरल्या काकू म्हणाल्या, "तर भित्तीवरनं एक हाक मारायची हुतीस. मी काय मेलते?"

धाकट्या काकूंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. थोरल्या काकू आत गेल्या नाहीत, परतही फिरल्या नाहीत. कडेवरची पोरगी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि जरबेनंच विचारलं, "रुखवताला सुपं किती सांगायची?"

"तू म्हनशील तेवढी," धाकट्या काकू कशाबशा म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून, पदरानं तोंड पुसून, त्यांनी घराच्या आतल्या अंगाला वळून एवढ्या मोठ्यानं हाक मारली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

"अगं ए, चा टाक! थोरली आई आलीया तुझी, दारात हुबी हाय!"

आतून पातेलं पडल्याचा आवाज झाला, आणि नवरी मुलगी पिठाच्या हातांनी तशीच पळत बाहेर आली.